आईचा पिवळा बल्ब

भंगारवाल्या सलीमभाईचा टेम्पो दुपारी येणार होता, आणि आई मशीनवर बसली होती.

बसली होती म्हणजे खरंच बसली होती. शेडच्या कोपऱ्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, जुनं वेल्डिंग मशीन आहे. गुडघ्याच्या वर येणारं, तेलाच्या टाकीचं, करड्या रंगाचं. त्यावर गोणपाट अंथरून, पाय खाली सोडून, पदर खांद्यावरून घट्ट ओढून ती बसली होती. सकाळची भाकरी तिनं तिथंच खाल्ली. मी दोनदा "ऊठ गं आता" म्हणाले. तिला ऐकू कमी येतं. पण हे ऐकू आलं होतं, ते तिच्या आवळलेल्या जबड्यावरून कळत होतं.

समोरच्या फळीवर नवं मशीन होतं. इन्व्हर्टरचं, लाल रंगाचं, डब्याच्या पिशवीएवढं. ते मी दुकानातून स्कुटीवर पायाशी ठेवून एकटीनं आणलं. जुनं आणलं तेव्हा हातगाडी, दोरखंड आणि गल्लीतले सगळे धट्टेकट्टे बाप्ये लागले होते, आणि तरी उंबऱ्यावर ते अडलंच होतं.

मी नोकरी करते. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पहिल्यांदा मी पाहिलं, आणि कुणी विचारो न विचारो, मी ते सांगते. वेल्डिंग पोटासाठी करत नाही. रविवारी करते, हौसेनं. कुंड्यांचे स्टँड, अंगणातला बाक, सायकलच्या जुन्या चेनचा एक दिवा. ऑफिसात लोक हसतात. "मॅडम, लोकं विणकाम करतात, बागकाम करतात, तुम्ही हे काय काढलं?" म्हणतात. हसू देत. दोन लोखंडं एकजीव होताना पाहिली नाहीत त्यांनी.

आई मात्र मला कधी हसली नाही. ती फक्त स्वयंपाकघरात जायची आणि बल्ब लावायची.

जुन्या मशीनला एक वास आहे. तापलेलं तेल, जळकं वॉर्निश, त्यावर वर्षानुवर्षं बसलेली लोखंडाची भुकटी. त्याच्या जवळ गेलं की एकदम उन्हाळा येतो. उस्मानपुऱ्याच्या मागच्या आमच्या गल्लीत होळी झाली की कुलरच्या स्टँडची कामं सुरू व्हायची. दारापुढं लोखंडी अँगलचे तुकडे पडलेले, त्यावर रंगाचे ओघळ, कुणाच्या तरी चालू कुलरमधून येणारा ओल्या गवताचा वास. अण्णा करमाड गावाकडचे. शेतातून शहरात आलेले. बैलाचा कासरा सोडून त्यांनी हातात रॉड धरायचा होल्डर धरला, पण बोलणं तेच राहिलं. मशीन चालू करताना ते बैलाला मारावी तशी त्याच्या टाकीवर थाप मारायचे, आणि मशीन घूंऽऽ करायला लागायचं. ती घुमघुम भिंतीतून, फरशीतून, आम्ही पाठ टेकून बसायचो त्या पत्र्याच्या पेटीतून अंगात यायची. तापातसुद्धा मला त्या आवाजानं झोप लागायची.

पहिला नियम, उजेडाकडं बघायचं नाही. आम्ही पोरं समोरच्या लिंबाकडं बघायचो. भर उन्हातही त्याच्या खालच्या पानांवर निळा उजेड थयथय नाचायचा. मग तो थांबायचा आणि हातोडीची टकटक यायची. जोडावरची काळी खपली उडायची, आणि ऊन असेल तर खालची शिवण चांदीसारखी दिसायची. अण्णा हातातल्या काळ्या काचेमागून तोंड काढून म्हणायचे, "बघा आता. आता बघितलं तर चालतं."

कधीतरी काच बाजूला राहायची, घाई असायची. मग संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत रेती गेल्यासारखं व्हायचं. आई बटाट्याच्या चकत्या कापायची, पातळ, आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायची. चकत्या गरम झाल्या की बदलायची. अंगणात बाजेवर पडलेले अण्णा, डोळ्यांवर बटाटा, आणि तोंडानं गिऱ्हाइकाला शिव्या. कच्च्या बटाट्याचा तो मातकट वास मला अजून माणसाच्या कपाळाचाच वास वाटतो.

बल्बाचं सांगायचं राहिलं. शेडची आणि घराची लाईन एकच. अण्णांनी लोखंडाला वेल्डिंगचा रॉड टेकवला की मशीन सगळी वीज ओढून घ्यायचं, आणि स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब मंद व्हायचा. रॉड उचलला की पुन्हा उजळायचा. शेजारच्या काकूंच्या टीव्हीतलं चित्र आकसायचं, आणि त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या, "ओ वहिनी, भाऊंना सांगा की जरा! ऐन रंगात आलीय मालिका!"

"सांगते," आई म्हणायची, आणि सांगायची नाही.

स्वयंपाकघरातून शेड दिसत नाही. पण आईला सगळं कळायचं. बल्ब मंद, उजळ, मंद, उजळ असा पटापट हलला की म्हणायची, "टाके मारायलेत." खूप वेळ मंद राहून सावकाश उजळला की, "आता शिवण वढायलेत." आणि बराच वेळ नुसता उजळच राहिला, मागं टकटक ऐकू आली, की ती चहाचं आधण ठेवायची. चहा कधी लवकर झाला नाही, कधी निवला नाही.

माझं सगळं शिक्षण त्या बल्बाखाली झालं. अक्षरं बुडायची आणि वर यायची. परीक्षेच्या दिवसांत अण्णा शेडमधून हाक द्यायचे, "बाई, वाचायलीस का? थांबू का जरा?" मी म्हणायची, "चालू द्या." ते थांबले तर माझं लक्ष लागायचं नाही. मी वहीकडं आणि आई बल्बाकडं, अशा आम्ही दोघी त्या उजेडात बसलेल्या असायचो. लोडशेडिंग व्हायचं तेव्हा गल्लीतली सगळी बायामाणसं वैतागायची. आई तेवढी भिंतीला टेकून बसायची, खांदे खाली सोडून. वीजच नाही म्हणजे काही होणारच नाही.

आणि दसरा. खंडेनवमीला अण्णा मशीन धुऊनपुसून घ्यायचे, टाकीवर हळदीकुंकू, होल्डरला झेंडूची माळ, हातोडीपुढं आपट्याची पानं. त्या दिवशी अन् दसऱ्याला मशीनला हात नाही, मग गिऱ्हाईक दारात रडो. वर्षातून तेवढे दोन दिवस आई बल्बाकडं पाठ करून पुरण वाटायची. गुणगुणायची. मला वाटायचं सणाचा आनंद आहे.

एका संध्याकाळी बल्ब मंद झाला आणि मंदच राहिला.

आई भाकरी थापत होती. मी जमिनीवर वही घेऊन. मला काहीच वेगळं वाटलं नाही. शिवण लांब असेल. पण आईचे हात थांबले. काठवटीत अर्धी भाकरी, वर तिचा तळवा, आणि मान वर. बल्बातली तार लालसर, निखाऱ्यासारखी. बाहेर मशीन नेहमीसारखं घुमत नव्हतं, ओझं उचलल्यासारखं कण्हत होतं. आईनं मला नाव घेऊन हाक मारली नाही, अण्णांनाही नाही. ती उठली आणि पळाली. मी तिला पळताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिनं शेडकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ ओसरीवरच्या बोर्डापाशी गेली आणि पिठाच्या हातानं फ्यूजचा कटआउट ओढून काढला. सगळं काळं झालं. घरही, शेडही. त्या अंधारात मला फक्त जळक्या कपड्याचा वास आला, आणि मग आईचा आवाज, "अहो. अहो." एवढंच, पुन्हा पुन्हा.

अण्णा जोडायला घेतलेल्या लोखंडी गेटाशेजारी आडवे होते. रॉड गेटाला चिकटलेला, होल्डर मुठीत. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. चिमणी घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि म्हणाले, "कटआउट कुणी काढला? गेट द्यायचंय उद्या."

काकू हसल्या. सगळी गल्ली हसली. आई हसली नाही. बोर्डावर तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे होते, ते तिनं कुणाला पुसू दिले नाहीत. आपोआप झडले तेव्हा झडले.

अण्णा पुढं खूप जगले. गेले ते अंथरुणात, झोपेत. मशीनचा त्यात काही संबंध नाही. शेड बंद राहिली. झेंडूची वाळकी माळ तेवढी टाकीवर. मग एका रविवारी मी कुलूप काढलं. का काढलं, ते मला नीट सांगता येणार नाही. होल्डर हातात घेतला तर त्याच्या मुठीला अण्णांच्या बोटांचा खळगा होता, आणि माझी बोटं त्यात बरोबर बसली. पहिला रॉड चिकटला, दुसरा चिकटला, तिसऱ्याला ठिणगी धरली. घरात गेले तर भर दुपारी स्वयंपाकघरात पिवळा बल्ब लागलेला, आणि त्याखाली आई.

घरातले बाकीचे दिवे मी कधीच बदलले. पांढरे, नवे, वीज कमी खाणारे. ते वीज कमी-जास्त झाली तरी हलत नाहीत. म्हणून तो एक तिनं बदलू दिला नाही. उडाला की मी गुलमंडीत जुन्या दुकानात शोधत जायची. दुकानदार माळ्यावरून धुळीचं खोकं काढायचा. "ताई, हे आता कोण घेतं?"

"आमच्याकडं लागतो," मी म्हणायची.

जुन्या मशीनचं मात्र वय झालं. टाकी पाझरायला लागली. हात लावला की मुंग्या यायला लागल्या. वायरमननं तपासलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी त्याच दिवशी नव्याची चौकशी केली. नवं आणलं, आणि गेल्या रविवारी पहिल्यांदा लावलं.

खरं सांगते, मी हरखले. नुसतं टेकवलं की ठिणगी. घुमघुम नाही, कण्हणं नाही, गरम तेलाचा वास नाही. पंख्याची बारीक सुरसुर, आणि काचेमागं लोण्यासारखं वितळणारं लोखंड. मी रॉडमागून रॉड लावत गेले. अण्णांना हे मिळायला पाहिजे होतं, असं वाटत होतं, आणि त्यात मी घरात बल्ब लागला असेल हे विसरूनच गेले. तो लागला होता. आणि हलत नव्हता; नवं मशीन तेवढी वीज ओढतच नाही.

मी काच खाली घेतली तेव्हा आई शेडच्या दारात होती. अनवाणी. दोन्ही हातांत कपडे वाळत घालायची वेळूची काठी, उगारलेली. विजेला चिकटलेल्या माणसाला हातानं ओढायचं नाही, लाकडानं मारून सोडवायचं, हे या घरात सगळ्यांना पाठ आहे. ती मला मारायला आली होती, जगवायला. किती वेळ उभी होती कोण जाणे. उघड्या डोळ्यांनी सरळ उजेडात बघत, मी हलते का ते बघत.

संध्याकाळी मी बटाटा कापला. चकत्या तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवल्या, गरम झाल्या की बदलल्या. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी थेंब दिले, थोडक्यात निभावलं म्हणाले. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. आणि आज रविवार, सलीमभाई येणार म्हटल्यावर ती उठून शेडमध्ये आली आणि मशीनवर बसली.

"आई, त्याच्या अंगात करंट उतरतोय गं," मी तिच्या कानाशी वाकून ओरडले. "ते आता धोक्याचं झालंय!"

"मग बंद कर वेल्डिंग."

"हे नवं चांगलं आहे. रॉड चिकटला की ह्याचं ह्याला कळतं. आपोआप करंट पाडतं."

तिनं फळीवरच्या त्या लाल डब्याकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"त्याला कळंल गं. मला कसं कळंल?"

मी बारावीला तालुक्यात नाव काढलं होतं. ऑफिसात अवघड फाईल आली की माझ्या टेबलावर येते. मी नव्या मशीनची वायर उगाच गुंडाळायला लागले.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सलीमभाई पोऱ्या-बिऱ्या न आणता स्वतः आले होते, मेव्हण्याला घेऊन. अण्णांना ओळखणारा माणूस. दारात येऊन थबकले.

"क्या हुआ मॅडम? अम्मा कायकू बैठी?"

"बसू द्या," मी म्हणाले.

ते पुढं झाले, वाकले. "अम्मा, उठते क्या जरा? मशीन उठानेका है."

"तू आधी चहा पी," आई म्हणाली.

"चाय पीके बी उठानाच है ना, अम्मा."

"मग दोन कप पी."

सलीमभाईंनी माझ्याकडं बघून हात वर केले आणि मेव्हण्याला घेऊन टेम्पोच्या सावलीत जाऊन बसले. शेडमध्ये आम्ही दोघी राहिलो. पत्रा तापून टकटक वाजत होता. मला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही. दोन्हीतलं काही मला जमत नाही. मला फक्त काम करता येतं.

नव्या मशीनबरोबर मी डोक्यावर घालायचा टोप घेतला होता. त्याची काच एरवी फिकट असते, ठिणगी पडली की क्षणात काळी होते. अजून न वापरलेला तो टोप मी खोक्यातून काढला आणि आईच्या डोक्यावर बसवला. ती मागं सरली, मग थांबली. अंबाड्यावर पट्टा आवळला. स्टूल थोडं लांब ओढून तिला त्यावर बसवलं. तेवढ्यासाठी ती मशीनवरून उठली, पण एक पाय त्याच्या खालच्या लोखंडी चाकावर ठेवूनच. मग एक घोंगडी तिच्या मांडीवर टाकली, हात आत घ्यायला लावले.

"दिसतंय का मी?"

"हिरवी दिसायलीस."

मी अण्णांची हातात धरायची काच घेतली, अँगलचे दोन तुकडे जुळवले आणि रॉड टेकवला.

तिचा श्वास मला ऐकू आला. टोपात घुमून, मोठा. मी शिवण ओढत गेले, सावकाश, हात न उचलता, ऑफिसात सही करताना जेवढा जपत नाही तेवढा हात जपत. माझ्या काचेत तो थेंब होता, पांढरा, काठाशी हिरवा, पुढं सरकणारा, मागं गोठत जाणारा. तिच्या काचेतही तोच असणार. आम्ही दोघी एकाच जागी बघत होतो. रॉड संपला. मी हात उचलला.

आईनं टोप काढला नाही.

"हे असं दिसत होतं व्हय त्यांना?"

"हो."

"आन् बाकीचं? बाजूचं?"

"बाकी सगळं काळं. तेवढा थेंबच दिसतो."

"म्हंजे मागं कोण हाय, घर हाय का नाय, काईच नाय दिसत?"

"नाही."

टोपाच्या काचेत मला शेडचं दार दिसत होतं, उलटं वाकलेलं, आणि त्यात टेम्पो. तिचा चेहरा दिसत नव्हता. मग आतून आवाज आला, अगदी साधा, भाजीत मीठ बरोबर पडलंय असं सांगावं तसा.

"बरं झालं मग. मी बघत हुते ते."

तिनं स्वतःच्या हातानं टोप काढला. केस विस्कटले होते, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. डोळे ओले होते, पण ते आठवडाभर ओलेच होते. मशीनच्या चाकावरचा पाय तिनं उचलून घेतला, टाकीवरचं गोणपाट ओढलं, झटकलं आणि घडी घातली.

"सलीम!" ती ओरडली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून फारच मोठ्यानं. "ये बाबा! ने!"

दोघांनी दोरखंड टाकले. फळ्या लावल्या. मशीन उंबऱ्यावर अडलं, जसं येताना अडलं होतं, मग एका बाजूनं उचलून निघालं. फरशीवर तेलाचा चौकोन राहिला. सलीमभाई टाकीवर थाप मारायला गेले आणि आईकडं बघून हात मागं घेतला. टेम्पो गल्लीच्या वळणावर गेला तोवर ती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. मी वाट बघत राहिले, ती घरात जाईल, म्हणेल आता पुरे, बंद कर हे सगळं.

ती आत आली. स्टूल उचललं, तेलाच्या डागाच्या अलीकडं, माझ्या उजव्या हाताला ठेवलं. टोप पुन्हा डोक्यावर चढवला. पट्टा तिला लागत नव्हता, तो मी लावला. वेळूची काठी भिंतीला टेकलेली होती, ती तिनं ओढून मांडीवर आडवी घेतली.

"लाव आता," ती म्हणाली. "मी हाय."